बॅरी गोल्डवॉटर : एका मतपरिवर्तनाचे चरित्र

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला
• अमेरिकेतील सिनेटर बॅरी गोल्डवॉटर यांच्या जीवनातील प्रमुख टप्पे सांगता येतील.
• १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९९४ चे समलिंगी व्यक्तींसंबंधीचे रोजगार विधेयक यांबाबत त्यांनी घेतलेल्या भूमिकांची तुलना करता येईल.
• चरित्रनायकाच्या मतपरिवर्तनाकडे चरित्रकाराने कोणत्या दृष्टीने पाहावे, याची चर्चा करता येईल.

१. प्रास्ताविक

राजकीय नेत्याचे चरित्र लिहिताना एक अडचण हमखास येते. नेत्याचे मत बदलले, की विरोधक त्याला संधिसाधू म्हणतात आणि अनुयायी त्याची भूमिका पहिल्यापासून तीच होती, असे दाखवू पाहतात. चरित्रकाराला या दोन्ही सोयीच्या उत्तरांपासून दूर राहावे लागते. बॅरी गोल्डवॉटर यांचे चरित्र या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे.

गोल्डवॉटर हे विसाव्या शतकातील अमेरिकन पुराणमतवादी राजकारणाचे एक प्रमुख प्रवर्तक मानले जातात. येथे पुराणमतवाद हा शब्द जुन्या रूढींचा अभिमान एवढ्याच अर्थाने घेऊ नये. मध्यवर्ती शासनाची सत्ता मर्यादित असावी, घटकराज्यांचे अधिकार अबाधित राहावेत आणि व्यक्तीच्या मालमत्तेत व व्यवहारात शासनाने शक्यतो ढवळाढवळ करू नये, अशी ही विचारसरणी होती. खाजगी मालकाने नोकरी देताना वर्णावरून भेदभाव करू नये, असे सांगणाऱ्या कायद्याला गोल्डवॉटर यांनी १९६४ मध्ये याच विचाराच्या आधारे विरोध केला. तीस वर्षांनी, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, खाजगी मालकाने समलिंगी स्त्री-पुरुषांशी नोकरीत भेदभाव करू नये, असे सांगणाऱ्या कायद्याच्या बाजूने ते उभे राहिले. दोन्ही वेळी त्यांनी स्वातंत्र्याचाच आधार घेतला. मग या तीस वर्षांत बदलले ते काय, हा या घटकाचा मुख्य प्रश्न आहे.

२. जडणघडण

बॅरी गोल्डवॉटर यांचा जन्म जानेवारी १९०९ मध्ये फिनिक्स येथे झाला. त्या वेळी ॲरिझोना हे राज्यही नव्हते. संघराज्यात त्याचा समावेश १९१२ मध्ये झाला. त्यांचे आजोबा पोलंडमधून आलेले ज्यू व्यापारी होते. खाणकामगारांच्या वस्त्यांतून माल विकत त्यांनी पश्चिमेकडे बस्तान बसवले. पुढच्या पिढीने फिनिक्समध्ये गोल्डवॉटर्स हे मोठे वस्त्रभांडार नावारूपाला आणले. आई ख्रिस्ती होती आणि बॅरी आईच्या एपिस्कोपल पंथात वाढले. वाळवंटी प्रदेशातले उघडे आकाश, स्वतःच्या हिमतीवर जगणारी माणसे आणि दूरच्या राजधानीविषयीचा अविश्वास हे त्यांच्या बालपणाचे संस्कार होते. मात्र त्याच प्रदेशातली मोठी धरणे आणि कालवे मध्यवर्ती शासनाच्या पैशातून उभे राहिले होते, ही विसंगतीही वाचकाने ध्यानात ठेवावी.

१९२९ मध्ये वडील वारले. विद्यापीठातले शिक्षण अर्ध्यावर सोडून बॅरी दुकानाच्या कामाला लागले. छायाचित्रण, हौशी रेडिओ आणि विमानोड्डाण हे त्यांचे छंद होते. ॲरिझोनातील आदिवासी जमातींची त्यांनी काढलेली छायाचित्रे आजही नावाजली जातात. १९३४ मध्ये त्यांचा पेगी जॉन्सन यांच्याशी विवाह झाला. पेगी यांनी फिनिक्समध्ये संततिनियमनाच्या चळवळीला आरंभीच्या काळातच हातभार लावला. खाजगी आयुष्यातल्या निर्णयांत शासनाने पडू नये, हा विचार गोल्डवॉटर यांच्या घरात असा प्रत्यक्ष वावरत होता.

दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलात वैमानिक होते. अमेरिकेतून भारतापर्यंत विमाने व सामग्री पोहोचवण्याचे काम त्यांच्याकडे होते. भारतातून हिमालय ओलांडून चीनकडे जाणाऱ्या अतिशय धोक्याच्या मार्गावरही त्यांनी उड्डाणे केली. युद्धानंतर त्यांनी ॲरिझोनाचे राष्ट्रीय हवाई रक्षक दल उभारले आणि त्यात गोऱ्या व कृष्णवर्णीय सैनिकांना वेगळे ठेवण्याची प्रथा पाळली नाही. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यातील वर्णविभाजन संपवण्याचा आदेश १९४८ मध्ये काढला. गोल्डवॉटर यांनी त्यापूर्वीच आपल्या दलात ते संपवले होते. सैनिकाचे मोल त्याच्या कामावरून करावे, ही त्यांची धारणा पुढे आयुष्याच्या उत्तरार्धात पुन्हा भेटणार आहे.

३. १९६४ : विरोधाचे मत

१९४९ मध्ये ते फिनिक्सच्या नगर परिषदेवर निवडून आले. १९५२ च्या निवडणुकीत त्यांनी सिनेटमधील डेमोक्रॅटिक पक्षाचे बहुमत नेते अर्नेस्ट मॅकफार्लंड यांचा पराभव केला आणि जानेवारी १९५३ मध्ये ते सिनेटमध्ये दाखल झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी काढलेल्या एका आदेशामुळे समलिंगी व्यक्तींना मध्यवर्ती शासनाच्या नोकरीतून काढून टाकण्याचा मार्ग खुला झाला. हजारो कर्मचाऱ्यांवर चौकशी, राजीनामा किंवा बडतर्फी ओढवली. त्या काळी दोन्ही पक्षांचे प्रमुख नेते या अन्यायाविषयी सहसा बोलत नसत. समलिंगी संबंध हा अनेक राज्यांत फौजदारी गुन्हा होता आणि नाव उघड होणे म्हणजे उपजीविका गमावणे होते.

१९६० मध्ये ‘द कॉन्शन्स ऑफ अ कॉन्झर्व्हेटिव्ह’ हे गोल्डवॉटर यांच्या नावाचे छोटे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याचे लेखन प्रत्यक्षात ब्रेंट बोझेल यांनी केले होते. या पुस्तकाने गोल्डवॉटर यांना देशभर अनुयायी मिळवून दिले. त्यानंतर आली ती १९६४ ची कसोटी.

नागरी हक्क कायद्याच्या दोन भागांवर त्यांचा आक्षेप होता. एका भागाने हॉटेले, खाणावळी, नाट्यगृहे अशा ठिकाणी वर्णभेद करण्यास मनाई केली. दुसऱ्या भागाने, म्हणजे सातव्या प्रकरणाने, खाजगी मालकांना वर्ण, धर्म, लिंग, राष्ट्रीय मूळ यांवरून नोकरीत भेदभाव करण्यास बंदी घातली. खाजगी व्यवहारात असा हस्तक्षेप करण्याचा अधिकार राज्यघटनेने मध्यवर्ती शासनाला दिलेला नाही, असे गोल्डवॉटर यांचे म्हणणे होते. १९५७ आणि १९६० च्या नागरी हक्क कायद्यांना त्यांनी पाठिंबा दिला होता. कृष्णवर्णीयांविषयी वैयक्तिक द्वेष त्यांच्या वर्तनात दिसत नव्हता. तरीही १९ जून १९६४ रोजी सिनेटमध्ये ७३ विरुद्ध २७ मतांनी हा कायदा संमत झाला, तेव्हा विरोधात मत देणाऱ्या सहा रिपब्लिकन सदस्यांत ते होते.

या मताची किंमत कोणी मोजली, याचा विचार चरित्रकाराने टाळता कामा नये. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय माणसाला उपाहारगृहातून हाकलणारा शासकीय अधिकारी नव्हता. तो बहुधा त्या जागेचा मालक होता. त्याला कामावर न घेणाराही खाजगी मालकच होता. शासनापासून स्वातंत्र्य मिळाले, तरी शेजाऱ्याच्या सत्तेखाली हा माणूस परतंत्रच राहत होता. गोल्डवॉटर यांच्या तत्त्वाच्या चौकटीत हे दुसरे पारतंत्र्य बसत नव्हते. वर्णभेदाचे समर्थक मात्र त्यांच्या मताचा अर्थ नेमका ओळखून होते. नोव्हेंबरच्या अध्यक्षीय निवडणुकीत लिंडन जॉन्सन यांनी त्यांचा दणदणीत पराभव केला. गोल्डवॉटर यांना केवळ सहा राज्ये मिळाली : त्यांचे ॲरिझोना आणि दक्षिणेतील लुइझियाना, मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया व साउथ कॅरोलायना ही पाच.

याच प्रचारकाळातील एक प्रसंग आपल्या विषयाशी निगडित आहे. ऑक्टोबर १९६४ मध्ये जॉन्सन यांचे निकटचे सहायक वॉल्टर जेन्किन्स यांना वॉशिंग्टनमध्ये एका पुरुषाशी संबंधाच्या आरोपावरून अटक झाल्याचे उघड झाले. त्यांना पद सोडावे लागले. निवडणूक तीन आठवड्यांवर आली होती आणि गोल्डवॉटर पिछाडीवर होते. जेन्किन्स त्यांना परके नव्हते. हवाई दलाच्या राखीव तुकडीत ते गोल्डवॉटर यांच्या हाताखाली होते. पक्षातील इतरांनी राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न उपस्थित केला; स्वतः गोल्डवॉटर यांनी मात्र जेन्किन्स यांच्या खाजगी आयुष्याला प्रचाराचे हत्यार करण्याचे टाळले. यावरून त्यांना त्या काळीच समलिंगी हक्कांचे पाठीराखे ठरवणे अतिशयोक्तीचे होईल. एका ओळखीच्या माणसाची आणि त्याच्या कुटुंबाची अधिक विटंबना करू नये, एवढाच तो सभ्यपणा होता. पण तो पराभव समोर दिसत असताना दाखवलेला सभ्यपणा होता, म्हणून त्याची नोंद घ्यायची.

४. पक्षातले बदलते वारे

१९६८ मध्ये गोल्डवॉटर पुन्हा सिनेटवर निवडून आले. ऑगस्ट १९७४ मध्ये वॉटरगेट प्रकरणात राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना सिनेटमध्ये पुरेसा पाठिंबा उरलेला नाही, हे समक्ष जाऊन सांगणाऱ्या तीन रिपब्लिकन नेत्यांत ते होते. पक्षापेक्षा स्वतःच्या न्यायबुद्धीला मोठे मानणारा नेता, अशी त्यांची प्रतिमा यामुळे दृढ झाली.

दरम्यान रिपब्लिकन पक्षात नवी शक्ती प्रवेश करत होती. जेरी फॉलवेल यांच्यासारखे धर्मोपदेशक राजकारणात उतरले. गर्भपात, शाळेतील प्रार्थना आणि समलिंगी हक्कांना विरोध हे त्यांचे मुद्दे होते. १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ॲरिझोनाच्या सँड्रा डे ओ’कॉनर यांचे नाव सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवले, तेव्हा या गटाने आक्षेप घेतला. गोल्डवॉटर संतापले. त्यांनी फॉलवेल यांचा जाहीरपणे कठोर शब्दांत समाचार घेतला आणि धर्माच्या नावाने लोकप्रतिनिधींवर दडपण आणणाऱ्यांविरुद्ध सिनेटमध्ये भाषण केले.

या टप्प्याचे महत्त्व असे, की गोल्डवॉटर यांना स्वातंत्र्याचा एक नवा शत्रू दिसू लागला. तोवर त्यांच्या लेखी स्वातंत्र्याला धोका होता तो मध्यवर्ती शासनाकडून. आता संघटित समाजगटही व्यक्तीच्या खाजगी जीवनावर ताबा मिळवू शकतो, हे त्यांना आपल्याच पक्षात अनुभवास येत होते. १९८७ च्या आरंभी ते सिनेटमधून निवृत्त झाले. त्याआधी, १९८५ च्या अखेरीस, पेगी यांचे निधन झाले होते. १९९२ मध्ये त्यांनी सुझन वेक्सलर यांच्याशी दुसरा विवाह केला.

निवृत्तीनंतर त्यांची वाणी अधिकच मोकळी झाली. १९९२ मध्ये काँग्रेसच्या एका जागेसाठी धार्मिक गटांच्या पसंतीच्या रिपब्लिकन उमेदवाराऐवजी त्यांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या कॅरन इंग्लिश यांना पाठिंबा दिला. पक्षाच्या राज्य कार्यालयाला दिलेले गोल्डवॉटर यांचे नाव काढून टाकावे, अशी मागणी करण्यापर्यंत काही संतप्त कार्यकर्त्यांची मजल गेली.

५. लष्करातील बंदीविरुद्ध

१९९२ च्या प्रचारात बिल क्लिंटन यांनी समलिंगी व्यक्तींवरील लष्करातील बंदी उठवण्याचे आश्वासन दिले होते. सत्तेवर आल्यावर त्यांना सेनाधिकाऱ्यांचा आणि खुद्द स्वपक्षातील नेत्यांचा कडवा विरोध झाला. अशा वेळी, जून १९९३ मध्ये, गोल्डवॉटर यांनी ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये लेख लिहून बंदीला विरोध केला.

हवाई दलाच्या राखीव सेवेतून मेजर जनरल म्हणून निवृत्त झालेल्या माणसाचे हे म्हणणे होते, म्हणून त्याला वजन होते. समलिंगी माणसे सैन्यात पूर्वापार आहेत. त्यांना हुडकून बाहेर काढण्यात सरकार पैसा आणि प्रशिक्षित मनुष्यबळ वाया घालवते. नेमबाजीचा आणि लैंगिक कलाचा काही संबंध नाही, असा त्यांचा सरळ युक्तिवाद होता. वर्णविभाजन संपवताना सैन्याची शिस्त कोसळेल अशी भीती घातली गेली होती आणि ती खोटी ठरली होती, हा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. तरीही त्या वर्षअखेर तडजोडीचा कायदा झाला. विचारू नका, सांगू नका, हे त्याचे सूत्र होते. सैनिकाने आपले समलिंगित्व लपवले, तरच त्याची नोकरी टिकत असे.

येथपर्यंत गोल्डवॉटर यांची भूमिका जुन्या तत्त्वाशी सुसंगत होती. बंदी शासनाची होती. ती उठवा म्हणणे म्हणजे शासनाला मागे सरायला सांगणे होते. खरी परीक्षा पुढच्या वर्षी आली.

६. १९९४ : रोजगाराचा प्रश्न

जून १९९४ मध्ये एडवर्ड केनेडी यांनी सिनेटमध्ये आणि गेरी स्टड्स यांनी प्रतिनिधिगृहात एक विधेयक मांडले. लैंगिक कलावरून कर्मचाऱ्याला नोकरी नाकारणे, कामावरून काढणे किंवा बढती डावलणे बेकायदेशीर ठरवणे हा त्याचा हेतू होता. विस्कॉन्सिनने असा राज्यस्तरीय कायदा १९८२ मध्येच केला होता. पण बहुसंख्य राज्यांत संरक्षण नव्हते. कामात कसूर नसतानाही केवळ समलिंगी असल्याचे कळले म्हणून मालक एखाद्याला घरी पाठवू शकत होता आणि त्याला न्यायालयात दादही मागता येत नव्हती. विधेयकातून लष्कर, धार्मिक संस्था आणि पंधरापेक्षा कमी कर्मचारी असलेले व्यवसाय वगळले होते. राखीव जागा किंवा विशेष प्राधान्य यांची तरतूद त्यात नव्हती.

जुलैमध्ये गोल्डवॉटर यांनी पुन्हा ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये लेख लिहून या संरक्षणाचा पुरस्कार केला. ह्यूमन राइट्स कॅम्पेन फंड या संघटनेने चालवलेल्या मोहिमेचे मानद सहअध्यक्षपदही त्यांनी स्वीकारले. फिनिक्समध्येही नोकरीतील असा भेदभाव थांबावा म्हणून त्यांनी प्रयत्न केले होते. इतरांना इजा न करता आपल्या मनाप्रमाणे जगण्याचा अधिकार हाच पुराणमतवादाचा पाया आहे. कर्मचाऱ्याची पारख त्याच्या कामावरून व्हावी. धर्म आणि शासन वेगळे असावेत, असे त्यांचे प्रतिपादन होते.

हा युक्तिवाद स्पष्ट आहे. पण त्यातली अडचणही स्पष्ट आहे. कामावरून पारख व्हावी, हे तत्त्व १९६४ मध्येही खरे होते. तेव्हा खाजगी मालकाला कायद्याने ते पाळायला लावणे त्यांना घटनाबाह्य वाटले होते. आता तेच करणारा मध्यवर्ती कायदा त्यांना व्यक्तिस्वातंत्र्याचे रक्षण वाटू लागला.

७. बदल की सातत्य?

या परिवर्तनाची काही कारणे सांगता येतात. पहिले कारण घरातले. त्यांचा एक नातू समलिंगी होता, हे जाहीर होते. आपल्या माणसाला कामावरून काढले जाऊ शकते, हे कळल्यावर प्रश्न घटनेच्या कलमापुरता राहत नाही. दुसरे कारण पक्षातले. धार्मिक गटांशी झालेल्या संघर्षाने त्यांना समाजाच्या दडपशाहीची जाणीव करून दिली. तिसरे कारण काळाचे. तीस वर्षांच्या अनुभवाने सातव्या प्रकरणामुळे खाजगी उद्योग बुडाला नाही, हे देशासमोर होते.

विरोधी बाजूही मांडली पाहिजे. ते बोलले ते निवृत्तीनंतर, मतांची चिंता उरली नव्हती तेव्हा. ज्या न्यायाची कळकळ त्यांना नातवासाठी वाटली, ती अलाबामातल्या कृष्णवर्णीय मजुरासाठी त्यांच्या मतदानात उतरली नव्हती, असा आक्षेप कोणी घेतला तर तो खोडून काढणे कठीण आहे. मात्र उशिरा सुचलेले शहाणपणही फुकट मिळत नाही. आयुष्यभर ज्यांनी आपल्याला नेता मानले, त्यांच्याच रोषाला त्यांना वार्धक्यात तोंड द्यावे लागले.

म्हणून या घटकात आपण असा निष्कर्ष काढू. व्यक्तीने स्वतंत्र असावे, हे गोल्डवॉटर यांचे ध्येय बदलले नाही. व्यक्तीचे स्वातंत्र्य कोण हिरावून घेतो, याविषयीची त्यांची समज बदलली. १९६४ मध्ये त्यांना केवळ शासनाची सत्ता दिसत होती. १९९४ मध्ये मालकाची सत्ताही दिसू लागली. हा बदल लहान नाही, कारण त्यामुळे कायद्याची गरजच वेगळी ठरते. केवळ सातत्य म्हटले, तर १९६४ ची चूक झाकली जाते. केवळ कोलांटउडी म्हटले, तर एका वृद्ध माणसाने स्वतःच्या विचाराला दिलेली दुरुस्ती दिसेनाशी होते.

८. अखेर आणि पुढील इतिहास

१० सप्टेंबर १९९६ रोजी हे विधेयक सिनेटमध्ये ४९ विरुद्ध ५०, म्हणजे एका मताच्या फरकाने, फेटाळले गेले. त्याच दिवशी समलिंगी विवाहाला मध्यवर्ती मान्यता नाकारणारा कायदा सिनेटने मोठ्या बहुमताने संमत केला. त्याच वर्षी गोल्डवॉटर यांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांचे सार्वजनिक जीवन संपले. २८ मे १९९८ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी मध्यवर्ती शासनाच्या नागरी सेवेत लैंगिक कलावरून भेदभाव करण्यास मनाई करणारा आदेश काढला. दुसऱ्याच दिवशी, २९ मे रोजी, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी गोल्डवॉटर यांचे निधन झाले.

लष्करातील बंदी २०११ मध्ये पूर्णपणे उठली. रोजगार विधेयक मात्र पुढे वेगवेगळ्या वर्षी एकेका सभागृहात संमत होऊनही कायदा होऊ शकले नाही. अखेर १५ जून २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बोस्टॉक खटल्यात ६ विरुद्ध ३ मतांनी निर्णय दिला. समलिंगी असल्यामुळे कर्मचाऱ्याला काढणे हा लिंगावरून केलेला भेदभाव आहे आणि तो १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सातव्या प्रकरणानेच निषिद्ध आहे, असे न्यायालयाने ठरवले. गोल्डवॉटर यांनी आयुष्याच्या अखेरीस जे संरक्षण मागितले, ते अखेर मिळाले ते त्यांनी उमेदीच्या काळात विरोधात मत दिलेल्या कायद्यातून.

सारांश

गोल्डवॉटर यांनी १९६४ मध्ये मर्यादित शासनाच्या तत्त्वावरून नागरी हक्क कायद्याला विरोध केला. १९८० च्या दशकात पक्षातील धार्मिक गटांशी त्यांचा संघर्ष झाला. १९९३ मध्ये त्यांनी लष्करातील समलिंगी व्यक्तींवरील बंदीला विरोध केला आणि १९९४ मध्ये रोजगारातील भेदभावविरोधी विधेयकाला पाठिंबा दिला. त्यांच्या ध्येयात सातत्य आहे, पण स्वातंत्र्याला धोका कोणाकडून, याविषयीच्या आकलनात खरा बदल आहे. चरित्रकाराने दोन्हींची नोंद घ्यायला हवी.

पारिभाषिक शब्द

लैंगिक कल : व्यक्तीला कोणत्या लिंगाच्या व्यक्तीविषयी आकर्षण वाटते, त्याची प्रवृत्ती.
सातवे प्रकरण : १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातील रोजगारविषयक भाग.
सिनेट व प्रतिनिधिगृह : अमेरिकेच्या काँग्रेसची, म्हणजे संसदेची, दोन सभागृहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. नागरी हक्क कायद्याच्या कोणत्या दोन भागांना गोल्डवॉटर यांचा विरोध होता? का?
२. १९९३ ची लष्करविषयक भूमिका आणि १९९४ ची रोजगारविषयक भूमिका यांत तात्त्विक फरक कोणता, ते स्पष्ट करा.
३. जेन्किन्स प्रसंगातून चरित्रनायकाच्या स्वभावाविषयी किती अनुमान काढणे योग्य आहे? तुमचे मत सकारण लिहा.
४. तुमच्या परिचयातील एखाद्या दिवंगत सार्वजनिक व्यक्तीच्या मतपरिवर्तनावर सुमारे ३०० शब्दांत चरित्रपर टिपण लिहा. त्या बदलाचे समर्थन किंवा निंदा करण्याआधी त्याची कारणे नोंदवा.